पुरानंतरचे पैसे आणि पुराआधीची इमारत

३१ ऑगस्ट २०२१ च्या पहाटे तितूर आणि डोंगरी या दोन्ही नद्या चाळीसगावच्या बाजारपेठेत शिरल्या. वर डोंगरात रात्रभर पाऊस कोसळत होता. कन्नड घाटात दरडी आल्या, महामार्ग बंद पडला, नदीकाठच्या गावांतली शेकडो जनावरं दगावली. पाणी ओसरताच पंचनामे सुरू झाले. घर पूर्ण पडलं की अंशतः, गाय गेली की शेळी, जमीन खरडून गेली की नुसतं पीक आडवं झालं, या प्रत्येकाचा दर सरकारने ठरवून दिलेला असतो. खानदेशातल्या शेतकऱ्याला तो तोंडपाठ नसेल, पण कुठे जाऊन विचारायचा हे त्याला पक्कं माहीत असतं.

अशा पुराच्या वाटेवर पालिकेची शाळा, दवाखाना, वाचनालय, अग्निशमन केंद्रही उभं असतं. त्यांच्या दुरुस्तीचा पैसा कुठून येतो? आणि तो आल्यावर इमारत होती तशीच करायची, की पुढच्या पुराला टिकेल अशी करायची? पालिकेच्या सभेत हा प्रश्न फार क्वचित नीट मांडला जातो. विषयपत्रिकेवर ‘दुरुस्तीकामी येणाऱ्या खर्चास मान्यता देणे’ एवढी एक ओळ येते आणि मंजूर होते. त्या ओळीमागचा हिशेब नागरिकांना कळायला हवा. त्या इमारतींत आपली मुलं बसतात आणि त्यांच्याच खाटांवर आपली म्हातारी माणसं झोपतात.

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ सालचा. त्यात दोन वेगवेगळ्या निधींची तरतूद आहे: एक आपत्ती आल्यावर धावून जाण्यासाठीचा प्रतिसाद निधी आणि दुसरा आपत्तीची धार आधीच बोथट करण्यासाठीचा सौम्यीकरण निधी. पहिला आधी सुरू झाला आणि सगळ्यांच्या परिचयाचा झाला. दुसरा मात्र कित्येक वर्षं कागदावरच राहिला. त्याला खरा पैसा मिळाला तो पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनंतर. आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी सर्व राज्यांना मिळून १,६०,१५३ कोटी रुपये ठरवले आणि त्याचे भाग पाडले. ८० टक्के प्रतिसाद निधी, २० टक्के सौम्यीकरण निधी. त्या ८० टक्क्यांतही पोटविभाग केले: ४० टक्के तातडीच्या मदतीला, ३० टक्के पुनर्बांधणीला आणि १० टक्के पूर्वतयारीला. महाराष्ट्रासारख्या राज्यात या पैशातला ७५ टक्के वाटा केंद्राचा आणि २५ टक्के राज्याचा.

या टक्केवारीत पालिकेच्या इमारतीचं नशीब ठरतं. तातडीच्या मदतीच्या पैशातून शाळेची किंवा दवाखान्याची दुरुस्ती होऊ शकते, पण ठराविक मर्यादेपर्यंत, आणि इमारत पूर्वीसारखी वापरात आणण्यापुरतीच. पुरात भिजलेला विजेचा बोर्ड बदलता येतो. पण तो बोर्ड पुराच्या रेषेच्या वर, पहिल्या मजल्यावर न्यायचा म्हटलं की ते काम ‘सुधारणा’ ठरतं आणि त्याला वेगळ्या खात्यातून पैसा शोधावा लागतो. मग अभियंता बिचारा बोर्ड जिथे होता तिथेच बसवतो, आणि पुढच्या पुरात तो पुन्हा भिजतो. अभियंत्याला हे कळत नाही असं नाही. त्याच्या हातातलं लेखाशीर्षच तेवढं सांगतं.

बोर्ड वर चढवणं, तळमजल्यावरची औषधं आणि दस्तऐवज ठेवायला वरची खोली तयार करणं, नदीकडच्या बाजूला आवारभिंतीत पाणी वाहून जायला मोकळीक ठेवणं, ही सगळी कामं खरं तर सौम्यीकरणाची. वित्त आयोगाने हा निधी स्थानिक पातळीवरच्या छोट्या, नेमक्या उपायांसाठी ठेवला. प्रचंड बांध आणि भिंती त्यातून बांधू नयेत, त्या नियमित योजनांतून व्हाव्यात, असंही सुचवलं. म्हणजे महापालिका आणि नगरपरिषदांना तो अगदी साजेसा आहे. फक्त तो मागावा लागतो. पंचनामा करायला सरकार स्वतः दारी येतं. सौम्यीकरणाचा प्रस्ताव मात्र पालिकेने तयार करून जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणामार्फत वर पाठवायचा असतो: धोका कोणता, इमारत कोणती, काम काय, अंदाजपत्रक किती. ही तयारी पावसाळ्याआधी, शांतपणे करायची असते, आणि शांततेच्या काळात अशा कामासाठी कुणाचा फोन येत नाही.

धुळ्यात या विषयाला जुनी पार्श्वभूमी आहे. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने पांझरेच्या काठी नवं धुळे आखलं. सरळ रेषेतल्या त्या गल्ल्या आजही क्रमांकांनी ओळखल्या जातात. आखणी इतकी नेटकी, पण नदीने आपला हक्क सोडला नाही. सप्टेंबर १८७२ मध्ये पांझरेला आलेल्या पुराने शहराचं मोठं नुकसान केलं. तोवर धुळ्यात नगरपालिका स्थापन होऊन दहा वर्षं झाली होती. पुढे १८८० च्या दशकात तरुण मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले, तेव्हा त्यांची सुरुवातीची एक नेमणूक याच भागात होती. दातर्तीजवळ पांझरेच्या प्रवाहाखालून नळाने पाणी पलीकडे नेण्याचं काम त्यांनी भर पावसाळ्याशी झुंजत पूर्ण केलं. आज वरच्या अंगाला अक्कलपाडा धरण आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पांझरेला पूर आला आणि शहरातले सखल पूल पाण्याखाली गेले, तेव्हा नदी कुठवर येते हे सगळ्या शहराने पाहिलं. नदीकाठच्या सरकारी इमारतींसाठी याहून चांगला नकाशा कुठला सल्लागार काढून देऊ शकणार नाही. त्या दिवशीच्या पाण्याची खूण प्रत्येक भिंतीवर रंगाने कायम करून ठेवली, तर पुढच्या प्रत्येक अंदाजपत्रकाला ती पुरावा म्हणून जोडता येईल.

पुराबद्दल एवढं बोलून झालं, तरी खानदेशाची सगळ्यात नेमाने येणारी आपत्ती वेगळीच आहे. जळगाव आणि भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपलीकडे जातो, हे कुणाला सांगायला नको. मात्र प्रतिसाद निधीसाठी केंद्राने अधिसूचित केलेल्या आपत्तींच्या यादीत पंधराव्या आयोगाच्या पाच वर्षांसाठी बाराच नावं होती: चक्रीवादळ, दुष्काळ, भूकंप, आग, पूर, त्सुनामी, गारपीट, दरड, हिमस्खलन, ढगफुटी, कीड आणि थंडीची लाट. थंडीची लाट होती, उष्णतेची नव्हती. राज्याला आपल्या निधीतला १० टक्क्यांपर्यंतचा भाग स्थानिक आपत्तींसाठी वापरता येतो. त्या तरतुदीखाली महाराष्ट्राने अवेळी पाऊस, अतिवृष्टी, वीज पडणं, समुद्राचं उधाण आणि आकस्मिक आग यांना राज्य आपत्ती मानलं. केरळने २०१९ मध्ये आणि तमिळनाडूने २०२४ मध्ये उष्णतेची लाट ही राज्य आपत्ती ठरवली. हा मुद्दा सर्वात आधी आणि सर्वात मोठ्याने जळगाव-धुळ्याच्या लोकप्रतिनिधींनी मांडायला हवा. इथल्या पत्र्याच्या वर्गखोलीत एप्रिलच्या दुपारी चौथीचं पोर घामाने वही भिजवत बसतं, आणि प्रसूतीनंतरची बाई स्लॅबच्या शेवटच्या मजल्यावर भाजून निघते.

त्याचा उपाय महागही नाही. खानदेशातल्या जुन्या धाब्याच्या घरांना हे कळलं होतं. लाकडी सरांवर काड्या, त्यावर जाड मातीचा थर, वरून खारी माती. दिवसाची उष्णता त्या थरातच अडकून राहायची. सिमेंटच्या स्लॅबने ही सोय गमावली. चार-पाच इंचांचा उघडा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ती उष्णता खोलीत सोडत राहतो. त्यावर पांढरा परावर्तक रंग दिला, किंवा पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवले, तर सूर्याचा बराच प्रकाश परत फेकला जातो आणि स्लॅब तापण्याचं प्रमाण लक्षणीय कमी होतं. याच तुकड्यांच्या थराने गळतीही थांबते. म्हणजे पावसाळ्याचं आणि उन्हाळ्याचं काम एकाच निविदेत उरकतं.

गळतीचं नाव निघालं आहे, तर ती जरा जवळून पाहू. पालिकेच्या एखाद्या जुन्या शाळेच्या गच्चीवर गेलात, तर पावसाळी पाइपच्या तोंडाशी पिंपळाचं रोप उगवलेलं दिसेल. त्याच्या मुळांनी तोंड बुजलं, की पाणी गच्चीवर साचतं. ताज्या काँक्रीटमध्ये चुन्याचा गुण असतो, म्हणजे ते अल्कधर्मी असतं, आणि त्या वातावरणात आतली सळई गंजत नाही. पण वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड आत मुरत जातो, तो गुण हळूहळू संपतो, आणि त्यात वरून ओल मिळाली की सळई गंजू लागते. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो. त्या दाबाने काँक्रीट आतून फुटतं. खालच्या वर्गात छताचे पोपडे पडू लागतात, मग सळया उघड्या दिसतात. मुख्याध्यापक पत्र लिहितात, कुणीतरी येऊन गिलावा मारून जातं, आणि गंज आतल्या आत चालूच राहतो. गिलाव्याने रोग झाकला जातो, बरा होत नाही. स्लॅबची खरी तपासणी म्हणजे रिबाउंड हॅमरने पृष्ठभागाची कठीणता मोजणं, ध्वनिलहरींनी आतली पोकळी शोधणं आणि सळईभोवतीचं आवरण किती उरलं ते पाहणं. वेळेत केली तर दुरुस्ती स्वस्तात होते. उशीर झाला तर इमारत पाडावी लागते, आणि त्याहून उशीर झाला तर ती स्वतःच पडते. २५ जुलै २०२५ रोजी राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या सरकारी शाळेचं छप्पर कोसळून सात मुलं गेली. आपल्या जिल्ह्यात ते होऊ नये, यासाठीची सगळी विद्या आपल्याकडे आहे.

कायदाही आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातलं कलम २६५ अ सांगतं, की ३० वर्षांहून जुन्या इमारतीची रचनात्मक तपासणी करून घ्यायची. दरवर्षी पावसाळ्याआधी महापालिका जुन्या वाड्यांच्या मालकांना नोटिसा बजावते, ते योग्यच आहे. तोच नियम महापालिकेने स्वतःच्या मालकीच्या प्रत्येक शाळेला, दवाखान्याला, व्यापारी संकुलाला तितक्याच कडकपणे लावावा. तापीचं खोरं भूकंपाच्या नकाशातही अगदी निर्धोक नाही. १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्यात ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला होता. जपानने याबाबतीत जे केलं ते डोळे उघडणारं आहे. २००२ मध्ये तिथल्या निम्म्याहून कमी सरकारी शाळा-इमारती भूकंपरोधक होत्या. सरकारने दरवर्षी आकडे जाहीर करायला सुरुवात केली, आणि पंधरा वर्षांच्या आत जवळजवळ सगळ्या इमारती मजबूत झाल्या. आकडे जाहीर केले, हेच त्यातलं मोठं औषध.

कोविडच्या दोन वर्षांत सार्वजनिक इमारतींवर जेवढा पैसा झपाट्याने आला, तेवढा पूर्वी कधी आला नसेल. २०२१ मध्ये राज्याने जिल्हा नियोजन समित्यांना आपल्या निधीतली ३० टक्क्यांपर्यंत रक्कम कोविडसाठी वापरायची मुभा दिली. ऑक्सिजन प्रकल्प, खाटा, रुग्णवाहिका आल्या, आणि त्यांनी प्राण वाचवले. पण त्याच काळातल्या तीन घटना विसरता येत नाहीत. ९ जानेवारी २०२१ ला भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागून दहा बाळं गेली. २१ एप्रिलला नाशिक महापालिकेच्या झाकिर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनची टाकी गळाली, पुरवठ्याचा दाब पडला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात कोविडसाठीच नव्याने उभारलेल्या अतिदक्षता विभागात आग लागून अकरा जणांचा जीव गेला. यंत्रं वाढली की विजेचा भार वाढतो. इमारतीचं वायरिंग मात्र जुन्या काळच्या पंख्या-ट्यूबलाइटच्या हिशेबाने घातलेलं असतं. केबल तापते, जोड सैल होतात, आणि एका रात्री ठिणगी पडते. यंत्राच्या खरेदीला उद्घाटन असतं, केबल बदलण्याला नसतं. म्हणून महासभेने यंत्राच्या प्रत्येक प्रस्तावासोबत विद्युत निरीक्षणाचा अहवाल मागायला हवा. आगीबाबत २००६ च्या राज्य कायद्याप्रमाणे इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यायचं असतं. त्याला ‘बी’ नमुना म्हणतात.

अमेरिकेत मार्च २०२१ मध्ये संसदेने कोविडच्या मदतीपोटी राज्यांना आणि स्थानिक संस्थांना ३५० अब्ज डॉलर दिले. ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत कामं नक्की करायची आणि ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत पैसा खर्चायचा, अशी मुदत घातली. एक कोटी डॉलरपर्यंतची रक्कम बुडालेलं उत्पन्न समजून जवळपास कुठल्याही शासकीय सेवेवर लावता येईल, अशीही सवलत होती. त्यामुळे छोट्या छोट्या शहरांच्या परिषदांत वाचनालयाची वायुवीजन यंत्रणा की अग्निशमन केंद्राचं छप्पर, यावर खुल्या सुनावण्या झाल्या. आपल्याकडे पैसा राज्यामार्फत, शीर्षांची लेबलं लावून येतो. पंधराव्या वित्त आयोगाचं नागरी अनुदानच घ्या. दहा लाखांहून कमी लोकवस्तीच्या शहरांना, म्हणजे जळगाव-धुळ्यालाही, त्यातलं ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चावं लागत होतं. उरलेलं ४० टक्के मोकळं, पण पगार-आस्थापनेला ते वापरता येत नव्हतं. इमारतींच्या सुरक्षेला जागा होती ती या मोकळ्या भागात, आणि तिथेच रस्ते, गटारी, पथदिवे सगळे रांगेत उभे असत.

म्हणून शेवटी प्रश्न स्वतःच्या उत्पन्नाशी येतो. जळगाव आणि धुळे या दोन्ही महापालिका २००३ मध्ये स्थापन झालेल्या, ‘ड’ वर्गातल्या. जकात गेल्यावर आणि २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर राज्याकडून दरमहा मिळणारी भरपाई हा त्यांचा मोठा आधार. शासनाच्या अनेक योजनांत पालिकेला स्वतःचा हिस्सा घालावा लागतो, आणि हिस्सा नसला की मंजूर पैसाही अडतो. जळगावने याची किंमत फार मोजली आहे. नगरपालिकेच्या काळात हुडको या केंद्र सरकारच्या वित्तसंस्थेकडून घेतलेलं कर्ज व्याजासह इतकं फुगलं, की कर्जवसुली न्यायाधिकरणाचा हुकूमनामा झाला आणि महापालिकेची बँक खाती गोठवली जाण्यापर्यंत वेळ आली. २०१९ मध्ये राज्य शासनाच्या मदतीने एकरकमी तडजोड झाली तेव्हा शहराने श्वास घेतला. ज्या शहराचा मुख्य कारभार सतरा मजली इमारतीतून चालतो, त्या शहराला शाळेच्या छपरासाठी हात आखडावा लागला. दुसरीकडे, महापालिकेच्या व्यापारी संकुलांतल्या गाळ्यांची मुदत २०१२ मध्ये संपल्यावर भाड्याचा वाद वर्षानुवर्षं रेंगाळला. गाळेधारकांची बाजू आहे, महापालिकेचीही आहे. पण जो दिवस तडजोडीविना जातो, त्या दिवशी त्याच संकुलाच्या जिन्याची, वायरिंगची, स्वच्छतागृहांची दुरुस्ती थांबलेली असते, आणि तिथे रोज हजारो माणसं जातात.

माझं स्पष्ट मत असं, की महापालिकेने गाळ्यांच्या भाड्यातला ठराविक हिस्सा फक्त इमारतींच्या देखभालीसाठी, वेगळ्या खात्यात ठेवण्याचा ठराव करावा. त्या खात्यातून आधी सगळ्या इमारतींची तपासणी करून घ्यावी. तपासणीचा अहवाल आणि अंदाजपत्रक तयार असलं, की सौम्यीकरण निधी असो, जिल्हा नियोजन असो, राज्याची नगरोत्थान योजना असो, पैसा येताच काम सुरू करता येतं. नाहीतर ३१ मार्च जवळ आला की जे काम पटकन संपेल ते घेतलं जातं, आणि ते बहुतेक वेळा रंगरंगोटीचं असतं. २०२३ मध्ये दोन्ही महापालिकांची मुदत संपून कारभार दोन वर्षांहून अधिक काळ प्रशासकांकडे राहिला. त्या काळात प्रशासनाला प्रश्न विचारणारी निवडून आलेली महासभाच नव्हती. अशा वेळी विचारण्याची जबाबदारी नागरिकांवरच येते, आणि नगरसेवक असतानाही ती त्यांच्यावर तितकीच असते.

तेव्हा जळगाव-धुळ्याच्या वाचकांना विनंती, आपल्या घराजवळच्या पालिकेच्या एका शाळेचं किंवा दवाखान्याचं नाव घ्या आणि माहिती अधिकारात अर्ज करा. इमारत कोणत्या साली बांधली, रचनात्मक तपासणी शेवटची कधी झाली, ‘बी’ नमुना कधी दिला, आणि गेल्या तीन वर्षांत दुरुस्तीवर किती खर्च झाला, एवढंच विचारा. उत्तर हाती आलं की अंदाजपत्रकाच्या सभेआधी ते आपल्या नगरसेवकाला नेऊन द्या. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि ३० दिवसांत उत्तर देणं कायद्याने बंधनकारक आहे.